मावशीचं राहून गेलेलं गोंदण

माझी मावशी मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखात्यात शिवणकाम करायची. इस्पितळात शिवणकाम म्हटलं की लोकांना टाके आठवतात, आणि मावशीला त्याची गंमत वाटायची. "मीही टाकेच घालते," ती म्हणायची, "फक्त माझे पेशंट ओरडत नाहीत."

तळघराच्या एका टोकाला कपडे धुण्याची अवाढव्य यंत्रं घरघरत असायची, मधे वाफेच्या इस्त्रीचा रूळ, आणि दुसऱ्या टोकाला मावशीचं शिलाई मशीन. तिथली खिडकी रस्त्याच्या पातळीवर होती, त्यामुळे तिच्यातून जाणाऱ्या-येणाऱ्यांचे फक्त पाय दिसत. फाटलेल्या चादरींना ठिगळं लावायची, डॉक्टरांच्या कोटांना गुंड्या, उशांच्या अभ्र्यांना नाड्या. एखादी चादर ठिगळाच्याही पलीकडे गेली की तिची फडकी करायची. आणि नव्या आलेल्या प्रत्येक कापडाच्या कोपऱ्यात, धुतली तरी न जाणाऱ्या काळ्या शाईने, वॉर्डाचा आकडा लिहायचा. त्या शाईने तिचा अंगठा आणि शेजारचं बोट कायम काळसर असायचं. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच मावशांची बोटं काळी असतात.

माझी आई तिची थोरली बहीण. मावशी तिला ताई म्हणायची, आणि मावशीला सगळं घर 'धाकटी' म्हणायचं. तिचा नवरा, म्हणजे आमचे काका, तेसुद्धा. नाव म्हणून चिकटलं ते चिकटलंच, केस पिकले तरी. कुणी नवखं घरी आलं आणि काकांनी आत बघून "धाकटे, पाणी आण" म्हटलं, की पाहुणा एखाद्या शाळकरी मुलीची वाट बघायचा, आणि कपाळावर चष्मा चढवलेली, गुडघ्यावर हात दाबत चालणारी बाई बाहेर आलेली बघून चपापायचा.

दोघी बहिणी जन्मल्या डोंगरात. गाव इतकं वर, की खालच्या बाजारात जाऊन परत यायचं म्हणजे सगळा दिवस गेला. आजोबांना शहरात लाकडाच्या वखारीत काम मिळालं आणि बिऱ्हाड खाली आलं ते कायमचंच. डोंगरातलं फारसं काही त्यांच्याबरोबर आलं नाही. दोन पितळी भांडी आली, आजीचा खोकला आला, आणि आईच्या दोन्ही हातांवरचं गोंदण आलं.

आईचं गोंदण मनगटापासून वर, अर्ध्या हातापर्यंत होतं. काळं नव्हे, जुन्या दगडावर शेवाळ धरतं तसं निळं-हिरवं. मी लहान असताना त्यावर गाल ठेवून झोपायचे. पण घराबाहेर ते कुणी पाहिलेलं नव्हतं. शहरातल्या शाळेत पहिल्याच दिवशी शेजारच्या मुलीने आईला विचारलं होतं, हात धुवत नाहीस का गं. तेव्हापासून आईने लांब बाह्या घातल्या, त्या शेवटपर्यंत. पुढे ती औषधांच्या दुकानात गल्ल्यापलीकडे उभी राहायची, ऐन उन्हाळ्यात घामाने निथळायची, पण बाही कधी वर सरली नाही.

मावशीच्या हातावर मात्र काही नव्हतं, आणि का नव्हतं याची गोष्ट आमच्या घरात तोंडपाठ होती. गाव सोडायचं ठरलं तेव्हा आजी म्हणाली, खाली गेल्यावर पोरींना कोण गोंदणार, जायच्या आधी दोघींचं उरकून घेऊ. आई अकरा वर्षांची, मावशी सहाची. गोंदणारी बाई आली, तिने आईचा हात धरला, सुई टोचली, आणि ते बघून मावशीने धूम ठोकली. ती गवताच्या गंजीत जाऊन लपली, आणि दिवेलागणीला सापडली तेव्हा रडून रडून अर्धी झाली होती. तिचं राहिलं ते राहिलंच.

यावरून मावशीला आयुष्यभर ऐकून घ्यावं लागलं. दात काढायचा असो की नव्या लिफ्टमधून जायचं असो, ती जरा बिचकली की काका म्हणायचे, "बघा, पळाली धाकटी." सगळे हसायचे, मावशीही हसायची. एकटी आई तेवढी हसत नसे. "पुरे आता," म्हणायची आणि आत निघून जायची. मला वाटायचं, धाकट्या बहिणीची थट्टा तिला सोसत नाही.

आई शेवटच्या आजारात मावशीच्याच इस्पितळात होती. जेवणाच्या सुट्टीत मावशी तळघरातून जिने चढून वर यायची, लिफ्टने नाही. येताना धुऊन धुऊन मऊ झालेली एखादी चादर काखेत मारून आणायची. नव्या चादरी अंगाला बोचतात म्हणायची. चादर बदलून झाली की खाटेशेजारी बसून आईच्या हातावरच्या त्या रेघांवरून आपलं काळं बोट फिरवत राहायची. दोघी फारसं बोलत नसत. आई गेली तेव्हाही मावशीचं बोट तिथेच होतं.

त्यानंतर काही आठवड्यांनी ती आमच्याकडे आली. मी चहा टाकला. तिने कप हातात घेतला, पण प्यायली नाही. मग म्हणाली, "मला गोंदवून घ्यायचंय. ताईच्या हातावर होतं तसंच."

काकाही तिच्याबरोबर आले होते. त्यांना लगेच शब्द सुचले. "वरातीमागून घोडं," ते म्हणाले. तिच्या मुलाने, आमच्या दादाने, आधी साखरेच्या आजाराचा धाक घातला, आणि मावशी ऐकत नाही म्हटल्यावर बाजारातल्या एका दुकानाचा पत्ता दिला. तिथे मशीनने काढून देतात, सगळं स्वच्छ असतं, तासाभरात मोकळे.

मी तिला तिथे घेऊन गेले. दुकान चकचकीत होतं, दंतवैद्याकडे असते तसली खुर्ची होती. तिथला मुलगा फार अदबीने बोलला. त्याने मावशीला पाणी दिलं आणि नमुना मागितला. एखादा फोटो असला तरी चालेल म्हणाला.

इथे घोडं अडलं. फोटो कुठून आणणार? आईच्या प्रत्येक फोटोत बाही मनगटापर्यंत. मुलाने कागद-पेन्सिल दिली, तुम्हीच काढून दाखवा म्हणाला. मी एक फांदी काढली, दोन्ही बाजूंना पानं. मावशी म्हणाली, छे, पानं नव्हती, नुसते ठिपके होते. परगावी असलेल्या माझ्या भावाला फोन लावला, तर तो छातीठोकपणे म्हणाला की फांदीबिंदी काही नाही, तो माशाचा काटा होता. ज्या हातांनी आम्हाला न्हाऊमाखू घातलं, त्या हातांवर काय होतं ते तिघांपैकी एकालाही धड सांगता येईना. मावशी खुर्चीतून उठली आणि त्या मुलाला म्हणाली, "बाळा, तुझा वेळ घेतला. हे काम तुझ्याकडचं नाही."

बाहेर आल्यावर फुटपाथवर थांबून तिने मला सांगितलं की आपण वर जाऊ. जिने ताईला गोंदलं ती आता नसेल, पण तिच्या घरात कुणीतरी असेलच.

बसच्या प्रवासात मावशी अगदी पोर झाली होती. खिडकीची जागा तिने माझ्याकडून हिसकावूनच घेतली. पिशवीत उकडलेली अंडी, पाव, थर्मास, सुईदोरा आणि धुतलेल्या जुन्या चादरीच्या घड्या होत्या. अंडी सोलत सोलत ती मला गाव दाखवत होती, अजून गाव दिसायचं होतं तरी. तिथे एक भिंत आहे म्हणाली, केवढी उंच, तिच्यावर चढायला ताईचा हात धरावा लागायचा. झऱ्याचं पाणी इतकं गार की दात ठणकायचे. आमच्या घरापुढे एक झाड होतं, त्याच्या ढोलीत ताई चिंध्यांच्या बाहुल्या ठेवायची. मी नुसती हं हं करत होते. आईच्या तोंडून यातलं एक अक्षर मी कधी ऐकलं नव्हतं.

शेवटच्या थांब्यावरून पुढे सिमेंटची पोती नेणारी एक जीप मिळाली. पोत्यांवर बसून मावशी नखशिखांत राखाडी झाली. जीपवाला म्हणाला, आजी, उतरलात की पाणी मारून घ्या, नाहीतर पुतळा व्हाल. जीप जिथे थांबली तिथून पायवाट. मावशीच्या गुडघ्यांनी दोनदा संप केला. दोन्ही वेळा ती दगडावर टेकली, गुडघ्यांना शिव्या घातल्या आणि पुन्हा उठली.

गावात शिरलो आणि ती बावरली. बरीच घरं कुलूपबंद होती, काहींच्या दारात गवत कमरेएवढं वाढलेलं. ती उंच भिंत सापडली. ती मावशीच्या कमरेला लागत होती. मावशीने भिंतीवर तळहात टेकवला. घराच्या जागी चार भिंती होत्या, आत कुणाची तरी गाय बांधलेली. झाड नव्हतंच. झरा होता, पण त्याला नळ बसवला होता. मावशी ओंजळ भरून पाणी प्यायली, आणि माझ्याकडे बघून म्हणाली की दात ठणकतात, हे तरी खरं निघालं.

गोंदणारीचं घर गावाच्या वरच्या अंगाला होतं. अंगणात एक म्हातारी शेंगा सोलत बसली होती, मावशीपेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी असेल. तिच्या दोन्ही डोळ्यांवर दुधावरच्या सायीसारखा पडदा आला होता. शेंगा ती बघून नाही, चाचपून सोलत होती. तिची सून गोठ्यातून बाहेर आली आणि काय पाहिजे म्हणून विचारलं. मावशीने सांगितलं. सुनेने आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सासूला ओरडून सांगितलं की शहरातून गोंदवायला आल्यात.

म्हातारीने मान हलवली. हात कधीच बंद केला म्हणाली. गावात मुली उरल्या नाहीत, खालून कधी कुणी येतात ते फोनमधलं चित्र पुढे करतात. शिवाय म्हातारं कातडं सुईखाली सरकतं, रेघ धरत नाही. चहा घ्या आणि ऊन आहे तोवर उतरा.

चहा आला. मावशी अंगणातच खाली बसली, गुडघे कुरकुरले तरी. ती म्हणाली, आम्ही इथल्याच, खालच्या पाण्याजवळचं घर आमचं, वडील वखारीत गेले. म्हातारीचे हात शेंगांवर थांबले.

"तू धाकटी," ती म्हणाली.

मावशी हो म्हणाली.

"आणि थोरली?"

ते सांगणं माझ्यावर आलं. मी सांगितलं. म्हातारीने मांडीवरच्या शेंगा बाजूला सारल्या. मग तिने सांगितलं की गोंदणारी ती तिची आई. मुलींचे हात धरून ठेवायचं काम तेव्हा तिच्याकडे होतं, कारण सुई लागली की मुली हात ओढतात. माझ्या आईचे हातही तिनेच धरले होते. "दोन्ही," ती म्हणाली. "उजवा तिचा. डावा तुझा."

मावशीला ते नीट ऐकू आलं नाही असं मला वाटलं. तिने हात कानामागे नेला. "माझा म्हणजे?"

म्हातारी सांगू लागली. तिच्या बोलण्यात चढउतार नव्हता, कालचा बाजार सांगावा तसं ती सांगत होती. इकडे एका बाईला एकच हात गोंदतात, दोन कुणीच करत नाही. त्या दिवशी थोरलीचा उजवा हात झाला, ती तोंड धुवायला म्हणून बाहेर जाऊन आली, आणि धाकटी कुठे दिसेना. आजी चिडली, काठी घेऊन शोधायला निघाली. तेव्हा थोरली उठून आडवी आली. म्हणाली, तिला मीच लपवलंय आणि कुठे ते सांगणार नाही. तिच्या वाटचं माझ्यावर काढा, मला दुसरा हात आहे ना.

"माझी आई हसली आधी," म्हातारी म्हणाली. "मग बघितलं तर पोर हात पुढे करून बसलेली. तुझी आई रागावली, मग रडली. शेवटी काढलं. दुसऱ्या हाताला ती एकदाही ओरडली नाही, तू ऐकशील म्हणून. ताप आला तिला. तापातच गाव सोडलंत तुम्ही."

मावशीने चहाचा पेला खाली ठेवला. गोठ्यातली गाय हंबरली, सून तिकडे गेली. मावशी हळू आवाजात म्हणाली, "वरून कुणीतरी गवत टाकलं होतं. हलू नकोस म्हणाली होती. मला वाटायचं, ते मी मनानेच रचलंय."

तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण ती पुसत नव्हती. मला आईचं ते "पुरे आता" आठवलं. सगळे हसत असताना ती आत जाऊन काय करत असेल, कुणास ठाऊक. तिने हे कधी कुणाला का सांगितलं नाही हे विचारायला आता कुणी उरलं नव्हतं.

शेवटी म्हातारीनेच हात पुढे केला. मावशीचं मनगट धरून तिने अंगठ्याने कातडं ताणून बघितलं, दाबलं, सोडलं. बघू सकाळी म्हणाली, ऊन चांगलं पाहिजे. आणि तुझं चित्र मला पाठ आहे, डाव्या हाताचं ते मीच काढून दिलं होतं, माझी आई दमली होती तेव्हा.

"माझं नको," मावशी म्हणाली. "माझं तिने नेलं. मला तिचं दे."

त्या रात्री आम्ही त्यांच्याच ओसरीत झोपलो, आणि सकाळी ऊन अंगणात आल्यावर काम सुरू झालं. सुनेने तव्याखालची काजळी खरवडून दिली. म्हातारीने ती एका पाल्याच्या रसात कालवली. एका काडीला तीन सुया घट्ट बांधलेल्या होत्या. मावशीने आपल्या सवयीने त्या उकळत्या पाण्यात बुडवून घेतल्या, आणि म्हातारीने ते निमूट चालवून घेतलं. मग काडीच्या टोकाने तिने मावशीच्या उजव्या हातावर आधी नुसती रेघ ओढली. डोळे तिचे भलतीकडेच होते, पण बोट चुकत नव्हतं. एक बारीक फांदी उमटली. तिला पानं होती, पण एकाच बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला ठिपके. म्हणजे मीही चुकले होते, मावशीही, आणि माशाचा काटा म्हणणारा माझा भाऊही. तरी तिघेही थोडेथोडे बरोबर होतो.

हात धरायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या टोचणीला मावशीने दात आवळले. मग ती बोलायला लागली. वाफेच्या रुळाखाली एकदा मोठ्या डॉक्टरांची पँट कशी कागदासारखी सपाट झाली, मुख्य नर्सबाई चादरी कशा मोजतात आणि दरवेळी कशा चुकतात. म्हातारी मधूनमधून हुंकार देत होती आणि सुई टकटक चालत होती. मधेच मावशी गप्प झाली. मी विचारलं, थांबूया का. ती म्हणाली, "नको. सुई आपल्या हातात असते तेव्हाच बरी, एवढंच."

सून आदल्या दिवशी आमच्याशी जरा फटकूनच होती. ती काम टाकून आली आणि मावशीच्या पाठीला पाठ लावून बसली, टेकायला आधार म्हणून. तिच्या स्वतःच्या हातावर काही नव्हतं. ती खालच्या गावची, लग्न होऊन आलेली. सासूला कधी म्हटलं नाही आणि सासूने कधी विचारलं नाही, असं तिने मला मागाहून सांगितलं.

एका पानापाशी कातडं सरकलं आणि रेघ वाकली. म्हातारीला ते अंगठ्याला कळलं. ती थांबली, वाईट झालं म्हणाली, डोळे असते तर झालं नसतं. मावशीने चष्मा लावून पान निरखलं आणि म्हणाली की जुन्या कापडावर काम असंच होतं, ती रोज बघते.

काम संपलं तेव्हा हात सुजून टम्म झाला होता. पिशवीतली चादरीची घडी काढून मी त्यावर सैल गुंडाळली. निघताना मावशीने म्हातारीला विचारलं, डोळ्यांना कधीपासून असं झालंय, कुणाला दाखवलं का. म्हातारी म्हणाली, एवढ्या वर कोण बघतंय. मावशी "बरं" म्हणाली. ते "बरं" ऐकून मला कळलं की हे प्रकरण इथे संपणारं नाही.

परतीच्या वाटेत तिला कणकण आली. घरी पोचलो तेव्हा दार काकांनीच उघडलं. चार दिवस घोळवलेला विनोद त्यांच्या ओठांवर तयार असणार. पण कापड बाजूला सारून त्यांनी हात बघितला आणि थेट थंड पाण्याची पट्टी आणायला गेले. दादाने मात्र यथेच्छ आरडाओरडा केला, आणि मग स्वतःच गाडी काढून तिला ड्रेसिंगला नेलं. आठवड्याने खपल्या पडल्या आणि खाली ती फांदी दिसली, काळीभोर, नवीकोरी. आईची जुनी होऊन निळी पडली होती. मावशी म्हणायची, माझी निळी व्हायला मला फार जगावं लागेल.

कामावर ती कोपरापर्यंत बाह्या दुमडून जायला लागली. धुलाईखात्यातल्या मुली हात धरून बघायच्या, दुखलं का विचारायच्या. ती सगळ्यांना गोष्ट सांगायची, आणि आता गोष्टीत पळून जाणारी कुणी नव्हती. लपवणारी होती. काकांनी "पळाली धाकटी" म्हणणं सोडून दिलं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मग ती नेत्रविभागाच्या मागे लागली. तिथल्या पडद्यांना टाके घालायला जायची आणि दरवेळी डोंगरातल्या एका म्हातारीबद्दल बोलून यायची. डोळ्यांचे डॉक्टर कंटाळून म्हणाले, आणा एकदाची. थंडी सरल्यावर सून सासूला घेऊन खाली उतरली. आधी एक डोळा झाला, मग दुसरा. दोन्हींच्या मधल्या काळात आणि नंतरही दोघी मावशीकडेच राहिल्या. काकांनी आपली खोली दिली आणि स्वतः बाहेर पलंगावर झोपले. पट्टी सुटल्यावर म्हातारीला मावशी तळघर दाखवायला घेऊन गेली. ती त्या घरघरणाऱ्या यंत्रांसमोर उभी राहिली आणि एवढं पाणी रोज वर कोण चढवतं, असं तिने विचारलं. मग खिडकीतल्या पायांकडे बघत दुपारभर मावशीच्या मशीनशेजारी बसली. तिच्या नव्या डोळ्यांना ते पाय फार आवडले.

मी संध्याकाळी कामावरून सुटले की थेट मावशीकडे जायचे. खरं सांगायचं तर मी त्या म्हातारीसाठी जायचे. तिच्याकडे माझी आई होती, अकरा वर्षांची. मला माहीत असलेली आई औषधांच्या दुकानात हळू आवाजात बोलणारी, चापूनचोपून वागणारी. म्हातारीकडची मुलगी गवताचं पातं ओठांत धरून शिट्टी वाजवायची, कोंबड्यांची अंडी पळवायची, आणि पकडली गेली तर पोटाखाली दाबून बसायची, मीच उबवतेय म्हणून. मी ऐकत राहायचे. मावशी शिवता शिवता मधेच म्हणायची, हे मलाही माहीत नव्हतं गं.

आता त्या दोघीही नाहीत. म्हातारी आधी गेली. सुनेने फोन करून कळवलं, आणि सांगितलं की जाण्याआधी त्यांनी तिचा हात गोंदला. मावशी त्यानंतर बरीच वर्षं जगली. तिच्या हातावरची फांदी शेवटी निळसर झाली की मला तसं वाटलं, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

पण त्या दिवसांतलं मला सगळ्यात जास्त आठवतं ते बसस्थानक. सासू-सून परत निघाल्या होत्या. आम्ही त्यांना सोडायला गेलो होतो. म्हातारी खिडकीशी बसली होती, मावशी आणि मी खाली उभ्या. जाता जाता तिला आईची आणखी एक गोष्ट आठवली. मास्तरांच्या घराच्या छपरावर म्हणे कुणाची तरी टोपी वाऱ्याने उडून अडकली होती. कुणी वर चढेना. थोरलीने शिडीसुद्धा मागितली नाही, भिंतीला हात घातला आणि सरसर वर गेली. खाली सगळं गाव जमलं. "आणि वर जाऊन बघते तर—" म्हातारी म्हणाली, आणि ड्रायव्हरने इंजिन चालू केलं.

तिचे ओठ हलताना दिसत होते. हातवारेही दिसत होते. आवाज ऐकू येत नव्हता. मावशी बसबरोबर चार पावलं धावली, गुडघे विसरून. काय बघते, काय बघते, म्हणून ओरडत होती. म्हातारी खिडकीतून हसत हसत काहीतरी सांगत लांब गेली.

घरी चालत येताना आमचा वाद लागला. मावशीचं म्हणणं, ताई छपरावरून पडली असणार, तिला उजवा पाय थोडा आखूड टाकायची सवय होती ती त्यामुळेच. मी म्हटलं, पडली असती तर म्हातारी हसली नसती. मावशी म्हणाली, तू ओळखत नाहीस डोंगरातल्या माणसांना.